बंगल्याच्या मापाचे पडदे

खिडकीचं माप घेण्याआधी खिडकी आपली आहे ना, एवढं तरी बघावं. मी उलटं केलं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. कुवेतच्या वाळवंटात तेल कंपनीनं नवं गाव वसवलं होतं आणि तिथल्या घरवाटपाच्या ऑफिसात मी टायपिस्ट होतो. टेकडीवर बागेचे बंगले, त्यांत गोरे साहेब. मधल्या रस्त्यांवर आम्हा हिंदुस्थानी-पाकिस्तानी बाबूंची दोन-दोन खोल्यांची घरं. त्याखाली, धुळीच्या तोंडाशी, अरब मजुरांच्या चाळी. असं कुठे लिहिलेलं मात्र नव्हतं. नियम मीच टाईप केले होते. घर हुद्द्याप्रमाणे मिळेल, एवढंच त्यांत होतं. त्यामुळे माझा हुद्दा वाढला त्याच दिवशी मी ऑफिसातल्या किल्ल्यांच्या फळीवरून सात नंबरच्या बंगल्याची किल्ली काढली, रिकाम्या बंगल्यातल्या खिडक्या मोजल्या आणि रत्नागिरीला बायकोला पत्र टाकलं : बंगला मिळतोय, मुलीला घेऊन ये. पडदे शिवून आण, लांबी सहा फूट.

मग अर्ज घेऊन साहेबांपुढे गेलो. माणूस वाईट नव्हता. बसायला खुर्ची दिली.

"तिथे तुम्हाला करमणार नाही," ते म्हणाले.

"करमेल, सर."

"शेजाऱ्यांनाही करमायला हवं ना?"

"पण सर, नियमात तर..."

"नियम मला ठाऊक आहेत. तुम्ही फार सुरेख टाईप केलेत."

मी 'थँक्यू, सर' म्हणून बाहेर आलो. थँक्यू कशाबद्दल, असं मुलगी अजून विचारते. मी चहा मागवतो.

बायकोला खरं कळवायचा धीर झाला नाही. ती मुलीला घेऊन बोटीनं आली. बंदरावरून येणारी बस टेकडीला वळसा घालून जायची.

"अहो, ह्यातला कुठला?"

"पुढे आहे."

"हा?"

"जरा पुढे."

बंगले संपले. तिनं विचारायचं थांबवलं.

घरातली खिडकी जेमतेम अडीच फुटांची. पडदे लावले, तर निम्म्याहून जास्त खिडकीखाली भिंतीवर लोंबले. सात नंबरची किल्ली तो सगळा उन्हाळा माझ्याच फळीवर लटकत होती, ते तिला सांगितलं नाही. तिला कळलं असावं.

"माप चुकलं माझं," म्हणत मी कात्री शोधायला लागलो.

तिनं कात्री माझ्या हातून घेतली आणि ट्रंकेत तळाशी ठेवली.

"माप बरोबर होतं तुमचं," ती म्हणाली. "कापायचे नाहीत."