टर्बोआत्याचा काटा

कपाळावर विभूती, डोक्यावर पदर आणि हातात पिकअपचं स्टेअरिंग, अशी आमची आत्या. उदगीरच्या बाजारात तिला सगळे टर्बोआत्या म्हणायचे. आतोबांचे गुडघे गेले तेव्हा गाडी विकायचं घरात ठरत होतं. आत्या म्हणाली, "गुडघे त्यांचे गेलेत, माझे न्हाईत." आणि पन्नाशीत गाडी शिकली.

दुष्काळ पडला तशी तिनं पिकअपवर पाण्याची टाकी चढवली. तेव्हा उदगीर जिल्हा होणार, अशी चर्चा जोरात होती. पाण्याच्या रांगेतही माणसं त्यावरच वाद घालत. आत्या हातात नळी धरून म्हणायची, "जिल्हा होऊ द्या की, पर आधी घागर पुढं सरकवा."

भरल्या टाकीनं चढावर गाडी दम टाकायची. कधी टर्बोची हवा गळायची, कधी दुसरंच काही असायचं. कळायचं मात्र गाडी बंद पडल्यावर. म्हणून टर्बोच्या हवेचा दाब दाखवणारा मीटर बसवायचा, असं तिनं ठरवलं. गॅरेजचे मिस्त्री हसले. "खाला, पानी की गाडी कू ये काटा काय कू?"

"ताप कपाळाला हात लावून बी कळतो," आत्या म्हणाली, "तरी थर्मामीटर ठेवतोच की घरात!"

मिस्त्रींनी इंजिनाच्या हवेच्या पाइपातून बारीक नळी काढून डॅशबोर्डावर मीटर बसवला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की काटा वर सरके, आणि त्याच्यासोबत आत्याची भुवईही.

माझ्या बहिणीचं लग्न त्याच उन्हाळ्यात आलं. विहीर आटलेली. व्याह्यांनी निरोप धाडला, पाणी नसेल तर लातूरला कार्यालयात लग्न लावू. माझे वडील लातूरच्या कार्यालयाची चौकशी करू लागले. आत्या मात्र उठली. "पोरगी आपल्याच दारातून जाईल. मी पाणी आणते."

लग्नाच्या सकाळी मी तिच्या शेजारी बसलो. टाकी भरून निघालो आणि चढाच्या मध्यावर तिनं गाडी थांबवली.

"काय झालं? चालून तर राहिली," मी म्हणालो.

"काटा बघ. पाय तळाला टेकलाय, तरी उठंना. अशीच रेटली तर वर जायच्या आत बसंल."

तिनं मला रेस द्यायला सांगितलं आणि बॉनेटखाली कान लावला. पाइपाला चीर पडून हवा फुसफुसत होती. पाइप निवेपर्यंत आम्ही थांबलो. मग तिनं टाकीचं झाकण बांधलेली सायकलची ट्यूब सोडली, चिरेवर घट्ट गुंडाळली आणि तारेनं आवळली. "बस. आता देवाचं नाव घे, अन् काट्यावर डोळा ठेव."

काटा उठला. मी लहान पोरासारखा ओरडलो.

मांडवात आचारी रिकाम्या हंड्यांपाशी बसले होते. हॉर्न ऐकून सगळे धावले. व्याही स्वतः नळी धरायला आले. काळ्या हातांवर कशीबशी राख चोळून आत्यानं अक्षता टाकल्या. फोटोत तिच्या नव्या साडीवर ग्रीसचा पंजा स्पष्ट दिसतो. ती म्हणायची, "माझा आहेर."

आतोबा गेल्यावर मुलीनं तिला नांदेडला बोलावलं. बिछाना, भांडी पिकअपमध्ये टाकून ती स्वतःच निघाली. मी सोबत गेलो. लेकीच्या दारात गाडी उभी करून तिनं किल्ली माझ्या हातात दिली. माझे डोळे भरलेले बघून दटावलं, "रडून काय राहिलास? अन् गावात सांगू नको आत्याला सोडून आलो म्हणून. मी तुला हितवर आणलंय. आता जा, सावकाश चालव."