पश्चिमेच्या भिंतीवरचे झाप

वैशाखात : यंत्र बसवले गेले, परंतु भिंतीतल्या दोन जाळ्या कशासाठी ठेवल्या आहेत, हे तिथे काम करणाऱ्यांना कोणी सांगितले नाही. जबाबदार — यंत्र विकणारा व्यापारी.

मृग नक्षत्राच्या तोंडावर : त्याच जाळ्यांवर प्लास्टिक आणि नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधले गेले. जबाबदार — शेडचा मालक, माझा चुलतभाऊ दिगंबर.

मृग लागल्यावर : अपघात घडला, तोवर परवानगी देणाऱ्यांपैकी एकही जण तपासणीला फिरकला नव्हता. जबाबदार — ग्रामपंचायत.

ही यादी मी तहसील कचेरीपासून मंत्रालयापर्यंत सर्वांना पाठवली. एकदा नव्हे, अनेकदा. प्रत्येक पत्राखाली एकच मागणी असे : संबंधितांनी जाहीर खुलासा करावा. यादी खरी आहे. तिच्यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. पण ती अपुरी आहे. एक नाव तिच्यात कधीच नव्हते — आणि ते का नव्हते, हे मी माझ्या पत्नीलाही सांगितलेले नाही. तुम्हाला सांगतो. तुमच्याशी माझे रोजचे जाणे-येणे नाही. म्हणून कदाचित जमेल.

मी मुंबईला एका कापड कारखान्यात गरम हवेच्या भट्ट्यांवर पर्यवेक्षक होतो. काही गॅसवर चालत, काही डिझेलवर. बर्नर पेटवण्यापूर्वी काय पाहायचे, ज्योत कशी दिसली पाहिजे, धुराडे कधी साफ करायचे — हे शिकवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त होऊन वाडीत परतलो तेव्हा वाटले होते, आपले ज्ञान इथे कोणाला तरी हवे असेल. कोणालाच नको होते. मग मी पत्रे लिहू लागलो. गटार, रस्ता, विजेचा खांब — विषयांना तोटा नव्हता. माझ्या माघारी मला कलम-तात्या म्हणतात. कलम आंब्याचे नव्हे, कायद्याचे. मला ठाऊक आहे.

आणि दिगू? मॅट्रिकला नापास. वाडीतून कसालच्या बाजारापर्यंत टेम्पो चालवायचा. पण दरवर्षी मृगाचा पाऊस आला की अंगणाअंगणात वाळत घातलेली रातांब्यांची, म्हणजे कोकमाची, सोलं कुजतात, हे त्याच्याही डोळ्यांनी पाहिले आणि माझ्याही. मी त्यावर कृषी खात्याला निवेदन दिले. त्याने शेड बांधली. डिझेलवर चालणारे गरम हवेचे यंत्र आणले, ट्रे लावले, आणि वळवाच्या पावसात सगळ्या वाडीची आमसुलं वाळवून दाखवली.

शेडच्या उद्घाटनाला त्याने नारळ फोडायला लावला तो वत्सलाला. वत्सला आमच्या शेजारची. मासळी विकणारी, आवाज असा की किनाऱ्यावर बोलली तर घाटीवर ऐकू जावे. पावसात होड्या वर ओढल्या की तिच्या हाताला काम नसे. ते दिगूने दिले. मला पुढची खुर्ची मिळाली. पहिला चहा मिळाला. विचारले मात्र कोणी काही नाही.

मी त्या शेडविरुद्ध तक्रारी केल्या. आवाज होतो. धूर होतो. हद्दीपासूनचे अंतर नियमाप्रमाणे नाही. सर्व फेटाळल्या गेल्या, आणि त्या फेटाळल्या जात असतानाच माझी पत्नी सुमती त्या शेडमध्ये कामाला जाऊ लागली. मागच्या कोपऱ्यातली, बर्नरजवळची जागा तिची. तिथले गरम ट्रे फिरवणे हे तिचे काम. संध्याकाळी घरी यायची ती रातांब्याच्या आंबट वासाने आणि हसत. “दिगूभावजी आज असा म्हणालो... वत्सलान त्येका असा सांगितल्यान...” हे हसणे माझ्या घरात इतकी वर्षे कुठे होते? की होते, आणि मीच ते ऐकून घेतले नव्हते? मला त्याची शेड नको होती. मला ते हसणे हवे होते — आणि ते त्याच्या छपराखाली पिकत होते. यालाच मत्सर म्हणतात ना? मी त्याला नियमांचे पालन म्हणत होतो.

मृगाआधी आमच्याकडे प्रत्येक घराच्या पश्चिमेला झाप बांधतात, हे तुम्हाला माहीत असेल. तिरपा पाऊस पडवीत येऊ नये म्हणून. त्यात कोणी विचार करीत नाही. हात आपोआप चालतात. दिगूच्या शेडला पश्चिमेच्या भिंतीत दोन जाळ्या होत्या, एक खाली, एक वर. त्यांतून शिंतोडे येऊन सोलं भिजत होती. त्याने आधी प्लास्टिक लावले, वर झाप बांधले. वाडीतल्या कोणीही हेच केले असते.

त्यानंतर दिगू माझ्याकडे आला. होय — तो आला.

“तात्यानु, तुमची उमर भट्टीर गेली. एकदा बगून जावा. लाल दिवो सारको पेटता नि मशीन बंद पडता.”

मी गेलो. आत पाऊल टाकताच मला सर्व समजले. आगीला हवा लागते, आणि ती हवा त्या दोन जाळ्यांमधूनच येत होती. त्यात ओलसर वाफ बाहेर फेकणारा मोठा पंखा चालू. जाळ्या बंद, पंखा हवा उपसतो आहे — मग नवी हवा येणार कुठून? धुराड्यातून. उलटी. धुरासकट. बर्नरच्या तोंडाभोवती काजळीचे कडे दिसत होते. ज्योत लालसर, जड, टोकाला काळी. यंत्र स्वतःहून बंद पडत होते ते बिघाडामुळे नव्हे. ते इशारा देत होते. अशा वेळी बटण दाबून ते पुन्हा पेटवायचे नसते; कारण शोधायचे असते. आणि त्या धुरातला जो वायू मारतो, त्याला वास नसतो. हे वाक्य मी मुंबईत कितीतरी नव्या माणसांकडून पाठ करून घेतले होते.

“झाप काढ.” एवढे दोन शब्द बोलायचे होते.

मी म्हणालो, “झकास आसा. नवीन मशीन असाच करता. बटण दाबीत रव.”

त्याने माझ्या पायांना हात लावला.

मला काय हवे होते? सोलं काजळीने काळी पडावीत. यंत्र नादुरुस्त व्हावे. त्याने सगळ्यांसमोर माझ्या दारात येऊन म्हणावे, तात्यानु, माका जमला नाय. एवढेच — असे मी पुढे कितीतरी काळ स्वतःला सांगत आलो. कोणाच्या जिवाला धोका आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही, असेही सांगत आलो. हे खोटे आहे. आणि ते खोटे आहे याचा पुरावा मी स्वतःच निर्माण करून ठेवला आहे.

त्याच संध्याकाळी सुमती हसत आली नाही. डोके धरून आली. “आज सगळ्यांचाच डोक्या दुखता हा. वत्सलाचा कमी, ती दारार बसता ना, रातांबे फोडूक.” मी ऐकून घेतले आणि पेज जेवलो.

सकाळी ती निघाली तेव्हा मी छातीवर हात ठेवला. म्हणालो, कळ येते आहे, आज जाऊ नको.

तिने दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यावरून हाक मारली. “वत्सला गो, आज माजी कोपऱ्यातली जागा तू घे. ह्यांच्या छातयेत कळ मारता.”

पलीकडून उत्तर आले, “तात्यांच्या छातयेत कळ? खंयचा तरी पत्र धाडूचा रवला आसतला!”

सुमती हसली. मी मनात म्हणालो, बरे झाले, ही घरी राहिली. पुन्हा वाचा. बरे झाले, *ही* घरी राहिली. ज्याला काहीच ठाऊक नव्हते, तो माणूस आपली बायको तेवढी कशी वाचवतो? वत्सला दाराजवळच्या मोकळ्या हवेतून उठून त्या कोपऱ्यात जाणार, हे मी ऐकले होते. अंथरुणावर पडून, डोळे मिटून ऐकले होते.

दुपारी ओरडा झाला. बाकीच्या बायका भोवंडत बाहेर आल्या आणि अंगणात उलट्या करीत बसल्या. वत्सला ट्रेंच्या मागे पडली होती. कोणाला दिसलीच नाही. दिगूने तिला ओढून बाहेर काढले, आणि मग परत जाऊन ते झाप नुसत्या हातांनी ओरबाडून काढले. म्हणजे शेवटी त्यालाही समजलेच. माझ्याशिवाय.

वत्सला जगली. पण किनाऱ्यावरची प्रत्येक होडी दुरून ओळखणारी ती बाई आता चुलीवर काय ठेवले आहे तेही विसरते. तिचा आवाज लहान झाला आहे.

शेडला टाळे लागले. मी त्वेषाने पत्रे लिहिली. त्यांतली यादी तुम्ही वर वाचलीत. चौकशीच्या आधी दिगू माझ्याकडे येऊन गेला. “तात्यानु, तुमचा नाव मी खंय काडूचंय नाय. तुमका दिसला नाय, माकाय दिसला नाय. शेड माजी.” आणि खरोखरच त्याने नाव घेतले नाही. सर्व दोष आपल्या अंगावर घेतला. कबूल करतो — तेव्हाही मला लाज वाटली नाही. हेवा वाटला. तिथेही तो माझ्यापेक्षा मोठा ठरला होता, आणि मी घरी येऊन त्याच्याविरुद्ध आणखी एक पत्र लिहिले.

सुमती समजते, माझ्या छातीतल्या कळेने तिला वाचवले. दर मृगाला ती माझ्या प्रकृतीसाठी देवळात नारळ देते. त्याचे खोबरे मी खातो.

आणि वत्सला? इतके सगळे विसरली, पण त्या सकाळची एक गोष्ट तिच्या डोक्यात रुतून बसली आहे. मी गडग्याजवळ दिसलो की ती काम टाकून येते. दररोज. मायेने विचारते, “तात्यानु, छाती बरी आसा मां?” मी म्हणतो, बरी आसा. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारते.

तेव्हा ही माझी शेवटची यादी, आणि तिच्यात एकच नाव : माझे. संबंधितांनी जाहीर खुलासा करावा. संबंधित मी आहे. येत्या ग्रामसभेत दिगू असेल, सुमती असेल. वत्सलाला कोणीतरी हात धरून आणतेच. मला पाहताच ती तोच प्रश्न विचारील. त्याचे उत्तर मी तिथे, सर्वांसमोर, तिच्या बोलीत दिले पाहिजे, अशी माझी माझ्याकडेच मागणी आहे.

वत्सला, माज्या छातयेक त्या दिवशी कायएक झाला नव्हता.