चूकही फळ्यावर लिहिणाऱ्या इंदूताई

इंदूताईंची आणि माझी ओळख एका फळ्यामुळे झाली. बडोद्याच्या अकोटा भागातल्या त्यांच्या सोसायटीत मी पापडांची ऑर्डर पोहोचवायला गेले होते. माघ संपत आला होता, सकाळी शाल लागायची आणि दुपारी पंखा. सोसायटीच्या फाटकाशेजारी कंपाउंडच्या भिंतीवर शाळेत असतो तसा काळा फळा टांगलेला दिसला. वरच्या अर्ध्या भागात सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं, 'आज : सकाळी धुकं, नंतर स्वच्छ ऊन. वारा उत्तरेकडून, हलका. वाळवण घालायला हरकत नाही.' त्याखाली एक रेघ आणि रेघेखाली, 'काल : ऊन राहील असं लिहिलं होतं. दुपारभर ढग होते. चूक.'

मी पिशवी हातात धरून तिथंच उभी राहिले. आमचा गोरव्यातल्या बायकांचा गट तेव्हा नुकता उभा राहत होता. उडदाचे पापड, तांदळाच्या पिठाचे खिचिया, बटाट्याची कातरी, सगळा धंदा उन्हावर चालणारा. उद्या ऊन आहे की नाही हे मी मोबाईलवर बघायची, वर्तमानपत्रात वाचायची, शेजाऱ्यांना विचारायची. पण 'काल मी चुकले' असं भर रस्त्यावर लिहिणारं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. हे कोण लिहितं ते वॉचमनला विचारलं, "भाई, आ कोण लखे छे?"

"टीचरबेन," त्यानं वर बोट केलं. "अगाशीमां हशे."

गच्चीवर झडपांच्या एका पांढऱ्या लाकडी पेटीत डोकं घालून श्रीमती इंदुमती कारखानीस थर्मामीटर वाचत होत्या. मी कोण, कशाला आले, हे ऐकून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पापड कुठं वाळवता?"

"गोरव्याला. आमच्याच गच्चीवर."

"तिथून कारखान्यांची धुराडी दिसत असतील. आज सकाळी धूर कुठल्या बाजूला जात होता?"

मी काही पाहिलं नव्हतं. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट, पण सांगता येईना.

"मग उद्या बघा आणि मला फोन करा," त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांनी मी जिना उतरायला लागल्यावर विचारलं. "रंजना पाटील," मी खालून सांगितलं.

तेव्हापासून मी त्यांची गोरव्यातली निरीक्षक आहे. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या शाळेतले सहकारी आणि विद्यार्थिनी लिहीत आहेत, त्यांच्या पंक्तीत मला बसवलं याचं कारण एवढंच.

इंदूताईंचं घराणं बडोद्यातलं जुनं, आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. ताईंनी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली ती हवामानाच्या कामात जायचं या एकाच इच्छेनं. एका वेधशाळेत निरीक्षकाच्या जागेसाठी मुलाखतीला त्या गेल्या, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "रात्रपाळीला घरचे पाठवतील का?" ताईंनी उलट विचारलं, "नोकरी घरच्यांना देणार आहात की मला?" नोकरी मिळाली नाही. ही हकीकत सांगताना त्यांच्या आवाजात खंत नसते. राग मात्र अजून ताजा आहे आणि तो ताजा ठेवायचा त्यांना पूर्ण हक्क आहे असं मला वाटतं. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि शाळेच्या गच्चीवर मुलींकडून रोजची नोंद करून घेतली. निवृत्त झाल्यावर घरी तशीच पेटी करून घेतली आणि भिंतीवर फळा लावला.

मला त्यांनी शिकवलं ते पुस्तकातून नाही. थंडी जाऊन उन्हाळा यायच्या मधले ते आठवडे सगळ्यांत फसवे असतात, असं त्या सांगायच्या. पावसाळ्यात आभाळ निदान काळं तरी होतं, फाल्गुनात ते हसत हसत फसवतं. पहाटेची थंडी अचानक कमी झाली, तर खुश होऊ नका, संशय घ्या. पश्चिमेकडून घोड्याच्या शेपटीसारखे पातळ पांढरे ढग आले, तर पुढचे दोन दिवस सावध राहा. दोन थर्मामीटरांपैकी एकाच्या टोकाला ओलं कापड असतं. त्याचा पारा कोरड्याच्या जवळ सरकू लागला की हवेत ओल वाढली समजायचं. त्या कापडासाठी लागणारी मलमल त्या लहरीपुऱ्याच्या बाजारातूनच आणत. दुकानदारानं एकदा जाडसर कापड दिलं, तर तेवढ्याशा तुकड्यासाठी परत जाऊन बदलून घेतलं.

लोक त्यांच्याकडे लग्नाच्या तारखा घेऊन यायचे. पुढच्या महिन्यात मांडव उघड्यावर घालू का, असं विचारायचे. "मी उद्याचं सांगते," त्या म्हणत. "महिन्याभराचं सांगणारे दुसरे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे जा आणि चुकलं तर ते कुठं लिहितात तेही बघून या."

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला बसले, तो सांगते.

होळीच्या आधीचे दिवस होते. आमच्या गटाला प्रथमच मोठी ऑर्डर मिळाली होती. फळ्यावर सलग काही दिवस ताईंचा अंदाज बरोबर येत होता आणि त्या दिवशीही लिहिलं होतं, 'कोरडं, कडक ऊन.' आम्ही होता नव्हता तो सगळा माल गच्चीवर घातला. दुपारी जेवून मागचं आवरेपर्यंत आभाळ भरून आलं. आम्ही धावत वर पोहोचलो तेव्हा सरी सुरू झाल्या होत्या. चादरी ओढेओढेपर्यंत खिचियांचा लगदा झाला. कातरीचा रंग गेला. आमच्या गटातल्या सर्वांत जुन्या शारदाबेन ओल्या चादरीवर मटकन बसल्या आणि मला म्हणाल्या, "बेन, आवुं केम चाले, असं कसं चालेल? तुमच्या टीचरबेनवर भरवसा ठेवला म्हणून हे झालं." मला स्वतःलाच रडू येत होतं.

मी ताईंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "सगळ्याजणी तिथंच आहात? मी येते."

तासाभरात त्या रिक्षातून उतरल्या. गुडघ्यांचा त्रास तेव्हाही होता, तरी तीन मजले चढून वर आल्या. आम्ही पाण्याने जड झालेल्या चादरी पिळत होतो. त्यांनी कुणी बसा म्हणायची वाट पाहिली नाही. उभ्यानेच बोलल्या.

"सकाळी वारा वळून दक्षिणेकडून यायला लागला होता. रंजनाताईंनी धूर उलट्या बाजूला जातोय असं फोनवर सांगितलंही होतं. ओल्या कापडाचा पारा चढला होता. हे सगळं मी पाहिलं आणि मनावर घेतलं नाही, कारण इतके दिवस बरोबर ठरल्यामुळे माझ्या डोक्यात हवा शिरली होती. नुकसान माझ्यामुळे झालं. हे तुम्हाला तोंडावर सांगायला आले."

मग त्या जरा ताठ होऊन म्हणाल्या, "यापुढे माझं ऐकायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. फळा मात्र उद्याही लागेल."

शारदाबेन त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा राग गेला नव्हता, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. पण त्यांनी हातातल्या चादरीचं एक टोक ताईंच्या पुढे केलं आणि ताईंनी ते धरून पिळायला सुरुवात केली. अंधार पडेपर्यंत त्या आमच्याबरोबर होत्या.

दुसऱ्या दिवशी फळ्याच्या खालच्या भागात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'काल : कोरडं म्हटलं होतं. पाऊस झाला. गोरव्यात वाळवणाचं नुकसान. वारा वळलेला दिसत असूनही दुर्लक्ष केलं. मोठी चूक.'

हे वाचून सोसायटीच्या कमिटीचा संयम सुटला. फळा भिंतीवर नको, असं काही जणांचं आधीपासून म्हणणं होतं. आता निमित्त मिळालं. रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली. ताईंनी मला काही सांगितलं नव्हतं, पण वॉचमनकडून कळलं आणि मी गटात सांगितलं. मला वाटलं होतं, मी एकटीच जाईन. रिक्षा करायला निघाले तर शारदाबेन आणि बाकीच्या चपला घालून उभ्या होत्या.

सोसायटीचे तेव्हाचे चेअरमन तसे सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, "ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण प्रत्येकाच्या फोनमध्ये हवामान आहे. या फळ्यामुळे लोकांचं नुकसान होतं, आणि ते पुन्हा आपल्याच भिंतीवर लिहिलं जातं. सोसायटीचं नाव खराब होतं."

तेवढ्यात मागून शारदाबेन उठल्या. "माल अमारो पलळ्यो, ने फरियाद तमारी?" भिजला आमचा माल आणि तक्रार तुमची? शारदाबेन थांबल्या नाहीत. "माझ्या फोनमध्ये पण त्या दिवशी सूर्य दाखवत होता. पिवळा, गोल. फोनवाला आला नाही माझ्या घरी सांगायला. या बेन आल्या. अमे तो फळो वांचवाना." आम्ही तर फळा वाचणारच.

चेअरमनांनी तडजोड सुचवली. फळा राहू द्या, पण फक्त वरचा अर्धा भाग लिहा. कालचं काय झालं ते कशाला उगाळायचं?

ताई उठल्या. "खालचा अर्धा पुसायचा असेल तर वरचाही पुसा. मी कधी चुकते हे ज्याला माहीत नाही, त्यानं माझ्यावर विश्वास का ठेवावा? तसला विश्वास मला नको."

"मग फळा काढावा लागेल."

"काढा."

मतदान झालं आणि फळा काढायचा ठराव मंजूर झाला. ताईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अकोट्याला गेलो, तर फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला त्यांची जुनी स्कूटर स्टँडवर उभी होती आणि तिच्या हँडलला तो फळा दोरीनं बांधलेला. वरचा भाग लिहिलेला, खालचाही. शेजारी ताई हातांवरचा खडू झटकत उभ्या. चेअरमन फिरायला निघाले होते, ते थबकले. ताई म्हणाल्या, "स्कूटर उभी करायला बंदी नाही ना?"

तो सबंध उन्हाळा फळा स्कूटरवर होता. पुढचाही. दूधवाले, शाळेच्या रिक्षा, विश्वामित्री नदीच्या पुलावरून कामाला जाणारी माणसं थांबून वाचू लागली. भिंतीवर असताना जेवढे वाचत नव्हते, त्याहून अधिक. पुढे कमिटी बदलली. नव्या मंडळींनी भिंतीवर खिळेसुद्धा ठोकून ठेवले आणि ताईंना बोलवायला गेले. ताईंनी चहा दिला, आभार मानले आणि सांगितलं, "भिंतीला परवानगी लागते. मला स्कूटर बरी." ती स्कूटर आता चालत नाही, पण तिची जागा कुणी घेत नाही.

ताईंचा स्वभाव करडा आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एक गोष्ट ऐकावी. मला चिकुनगुनिया झाला होता, बोटंसुद्धा वळत नव्हती. फोन करता आला नाही. तिसऱ्या दिवशी ताई स्वतः आल्या. दारातूनच म्हणाल्या, "तुमची नोंद राहिली म्हणून आले." गच्चीवर जाऊन वारा बघितला, तपमान घेतलं. मग स्वयंपाकघरात शिरल्या, मऊ भात केला, डब्यातून आणलेलं मेतकूट वर घातलं, मला भरवलं, भांडी घासून पालथी घातली. मी बरी होईपर्यंत त्या रोज येत राहिल्या आणि रोज नोंदीचंच कारण सांगत राहिल्या. इतकी वर्षं झाली, मला त्या अजूनही 'अहो रंजनाताई' म्हणतात. त्यांच्या शाळेतल्या मुलींनाही त्या अहोजाहोच करत असत, असं ऐकते.

अलीकडे थंडी लवकर आटोपती घेते. माघातच घामाघूम व्हायला होतं आणि मोहर कधी येतो, कधी गळतो, कळत नाही. परवा कुणीतरी त्यांच्यासमोर म्हणालं, "हवामानाचं आता काही खरं राहिलं नाही." ताई अशा भडकल्या की त्या गृहस्थांनी चहा अर्धा टाकला. "खरं राहिलं नाही म्हणून तर रोज बघायचं! सगळं ठरल्यासारखं होत असतं, तर मी कशाला जिने चढले असते?"

डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी गच्चीवर जायचं नाही असं बजावलं होतं. ताईंनी डॉक्टरांना विचारलं, "किती दिवस?" त्यांनी सांगितले त्याच्या निम्मेच त्या थांबल्या. या ग्रंथाची कल्पना घेऊन आम्ही गेलो, तेव्हाही त्या आधी नाहीच म्हणाल्या. "पंचाहत्तर वर्षं व्हायला मला काही करावं लागलेलं नाही. त्याचा कसला गौरव?" ग्रंथात त्यांच्या चुकलेल्या अंदाजांबद्दलही लिहू, असं कबूल केलं तेव्हा कुठे त्या राजी झाल्या. ते मी लिहिलं आहे.

इंदूताई, तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, गुडघे जिन्यांना पुरून उरोत, नजर पाऱ्यावर स्थिर राहो आणि शंभर फाल्गुन तुमच्या पेटीतून जावोत. हे वाचून तुम्ही विचाराल, "कशावरून?" मी कुठलाही पुरावा देणार नाही. हा अंदाज नाही, ताई. आमची इच्छा आहे, आणि तुमच्याकडूनच हट्ट शिकल्यामुळे आम्ही ती सोडणार नाही.

रंजना पाटील, गोरवा, बडोदे