चाळीस डाव्या बाह्या

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. शाळेची पायरी ती सातवीनंतर चढली नव्हती. पण कापड कापणाऱ्या पुरुषाला मास्तर म्हणतात, मग बाईला काय म्हणायचं? एकवीस वर्षं कापायचं टेबल तिच्याकडे होतं. समोरच्याचे खांदे नुसते बघून ती माप सांगायची आणि टेप लावला तरी तेच निघायचं. याचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

दुखणं जन्माचं होतं. सिकल सेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. महिन्यातून एकदा दवाखान्यात रक्त चढवायला जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कात्री हातात घ्यायची, असं तिचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मग ती बाह्यांची भानगड झाली. बाहीचा कागदी नमुना एकच असतो. छापील कापडाचे थर तोंडाला तोंड लावून, म्हणजे छापाची बाजू छापाच्या बाजूवर ठेवून टाकले की डावी-उजवी जोडी आपोआप निघते. शिकाऊ पोरीलाही पहिल्या आठवड्यात कळणारी ही गोष्ट. मास्तरीणबाईंनी सगळे थर सुलटे टाकले आणि चाळीसच्या चाळीस बाह्या डाव्या कापल्या.

"चाळीस डावे हात असलेलं गिऱ्हाईक शोधा आता," मालक म्हणाले. सगळे हसले, तीही हसली. संध्याकाळी दारात गाठून मात्र ते हळूच म्हणाले, "पुन्हा असं झालं ना, तर तुम्हाला बटणांवर बसवावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका." वाईट कसं वाटणार नाही? त्या रात्री ती न जेवताच झोपली.

नेमकी त्याच सुमारास दवाखान्यात नवी तपासणी निघाली. या आजारात मेंदूतल्या बारीक नळ्याही बुजतात, माणसाला पत्ताही लागत नाही, म्हणून प्रत्येक मोठ्या पेशंटची वर्षातून एकदा दहा मिनिटं परीक्षा. पाच शब्द ऐकायचे, घड्याळ काढायचं, शंभरातून सात-सात वजा करायचे आणि शेवटी ते पाच शब्द परत सांगायचे.

आता रक्त चढवायच्या खोलीतली ही मंडळी म्हणजे एकाच वर्गात वीस वर्षं नापास होत बसलेली पोरं. महिनाभरात पेपर खाटेवरून खाटेवर फिरला. शेजारच्या खाटेवरच्या रिटायर कंडक्टरकाकांनी तळहात पुढे केला. त्यावर पेनाने लिहिलं होतं: पूल, साबण, कासव, खिडकी, जांभळा.

"घड्याळात सव्वातीन काढायला सांगतात," काका म्हणाले. "पाठ करून जा. मीही तेच केलं. उगाच वेड्यात काढून घ्यायचं कशाला?"

तिने पाठ केलं. भाकऱ्या थापताना, केस विंचरताना, पूल, साबण, कासव. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले. सिस्टर म्हणाली, "छान. आता पुढच्या वर्षी." मास्तरीणबाईंनी घरी बहिणीला सांगितलं, "डोकं एकदम ठणठणीत आहे माझं. कागदावर लिहून दिलंय."

चार दिवसांनी पुन्हा छापील कापड आलं. तिने थर टाकले, नमुना ठेवला, कात्री उचलली आणि थांबली. थर तोंडाला तोंड लावून टाकले होते का? आत्ताच टाकले होते, आणि तिला काही केल्या आठवेना. डोक्यात आलं ते एवढंच: पूल, साबण, कासव, खिडकी, जांभळा. पाचही, बिनचूक. तिने कोपरे उचलून एकेक थर तपासला. थर बरोबर होते. पण पुढच्या वेळी नसले तर?

पुढच्या खेपेला ती सिस्टरपुढे जाऊन बसली. "पेपर फुटला होता," ती म्हणाली. "मला दुसरा द्या."

सिस्टर आधी हसली, मग तिचा चेहरा बघून दुसरी यादी घेऊन आली. या वेळी पाचातले दोन आठवले. पण आता आठवणं खरं होतं आणि विसरणंही. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला लिहून दिलं, रक्ताचं वेळापत्रक बदलू म्हणाले आणि म्हणाले, "हे वेड नाही. लवकर कळलं, तर आणखी बिघडू नये म्हणून काही करता येतं. आणि कामाच्या जागी यादी लावा. लिहून ठेवण्यात कमीपणा नाही."

तिने मालकांना सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मालकांनीच टेबलावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तोंडाला तोंड', आणि कात्री चालवायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी थर बघायचे असं ठरवलं. टेबल तिच्याकडेच राहिलं. ते किती दिवस राहील, हे कुणी बोललं नाही.

महिन्याने शेजारच्या खाटेवरून कंडक्टरकाका कुजबुजले, "नवी यादी आलीय म्हणे. कोणते शब्द आहेत? सांग ना."

"दोनच आठवतात," मास्तरीणबाई म्हणाल्या, "आणि तेही तुम्हाला सांगणार नाही, काका."

काकांनी तळहाताकडे पाहिलं. शाई कधीच पुसली गेली होती. ते म्हणाले, "परवा मी घराचा रस्ता चुकलो होतो." मग त्यांनी रक्ताची नळी नसलेला हात वर केला आणि सिस्टरला हाक मारली.