भुतावरचा अंगठा

माळा आवरताना भुताच्या गोष्टींचं एक जुनं पुस्तक हाती लागलं. उघडलं तर अजून हळदीचा मंद वास. आणि मी पुन्हा कुंडलच्या शाळेत, सत्तरच्या दशकातला नवाकोरा गुरुजी.

मुलं रोज यावीत म्हणून मी एक नामी युक्ती काढली होती. गोष्ट वाचायची, आणि भूत चिंचेवर चढलं की पुस्तक मिटायचं. "पुढचं उद्या!" स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी एकटाच. शाळेच्या दारातच चिंच आहे, हे माझ्या हुशार डोक्यात आलंच नव्हतं.

दुपारी वर्गातल्या हिराची आई तिला ओढतच घेऊन आली. हळद शिजवायचं काम टाकून आलेली, हात पिवळेजर्द.

"आवं गुर्जी, भूत चिंचंवर बसवून तुमी खुशाल घरला गेलासा? पोरगी म्हनती, आता साळाच नगं!"

"अहो, ते पुस्तकातलं भूत!"

"मग दावा की, कुठं हाय."

मी चित्र दाखवलं. हिराच्या आईनं भुताच्या छातीवर अंगठा दाबला. "म्या धरलंय. वाचा फुडं!"

मी चाचरत वाचू लागलो. कुंपणाआडून पोरांचं एकेक डोकं वर आलं, मग आत आलं. शेवटी भूत पळालं तेव्हा सगळा वर्ग हसत होता आणि हिरा विचारत होती, "गुर्जी, उद्या कंची?"

आज माळ्यावर ते पान काढलं. पिवळा ठसा अजून तिथंच आहे. नातीला हाक मारली, "ये गं, वाचू. भिऊ नकोस, त्याला अजून धरून ठेवलंय."