पडवीत झोपणारी बाई

ह्यांना लकवा झाला त्याच्या आदल्याच वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले होते. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. जन्मभर एसटी चालवलेला माणूस, तोंडात एकच शब्द उरला: ‘चला’. भूक लागली तरी चला, पाठ दुखली तरी चला, टीव्ही बंद कर म्हणायचं असलं तरी चला. कुठला चला कशाचा ते हळूहळू मला कळायला लागलं. पण त्याला काही बोलणं म्हणत नाहीत.

चौलला आमचं घर वाडीत पार आत आहे. रस्त्यावरून दिसत नाही. सुरुवातीला माणसं येऊन गेली, मोसंबी ठेवून गेली, मग ज्याला त्याला आपापली कामं. मुलगा पुण्याला. रविवारी त्याचा फोन यायचा, ‘बाबा कसे आहेत’ विचारायचा, मी ‘ठीक आहेत’ म्हणायचे. रोजचं सगळं ठरलेलं. ह्यांचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, भरवायचं, कुशीवर वळवायचं, चादरी धुवायच्या, परत भरवायचं. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी पडवीत बसायचे. मला मात्र झोप यायची नाही. डोळे मिटले की आतून हाक आल्यासारखं वाटायचं. उठून बघावं तर हे घोरत असायचे.

बहिणीची मुलगी पनवेलला नोकरी करते. तिने एकदा फोनवर विचारलं, “मावशी, तू दिवसभर कोणाशी बोलतेस तरी का गं?”

“ह्यांच्याशी.”

“तसं नाही. रिप्लाय देणाऱ्या माणसाशी.”

मी तिच्या नोकरीचं विचारायला लागले. तेव्हा ती म्हणाली, “ऐक ना, टल्पा म्हणून एक प्रकार असतो. मनातल्या मनात एक माणूस तयार करायचा. रोज शांत बसून त्याचा चेहरा, आवाज, सगळं डिटेलमध्ये ठरवायचं, त्याच्याशी बोलत राहायचं. मग एक दिवस तो स्वतःहून बोलायला लागतो.”

“म्हणजे भूत लागल्यासारखं?”

“भूत नाही गं! तुझंच अंतर्मन. तू फक्त ऑर्डर द्यायची, बाकीचं ते करतं. मूळ तिबेटकडचं आहे म्हणे. हल्ली नेटवर बघून बरेच जण करतात.”

मी हसण्यावारी नेलं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, करून बघायला काय हरकत आहे? दुपार तशीही सरत नाही.

मी रीतसर कामाला लागले. शाळेत पाठाचं टाचण काढायचे तशी मनात बाई काढली. माझ्याच वयाची, पण ठणठणीत. फिकट निळी सुती साडी, केस अजून काळे. बोलणं शुद्ध, गोड, थोडं मिश्कील. वाचनाची आवड. रोज दुपारी तिला पडवीच्या खांबाशी बसवायचे आणि विचारायचे, “आज काय वाचलंस?” उत्तरही मीच द्यायचे, त्यामुळे त्यात काही गोडी नव्हती. चेहरा धरायला जावं तर नाक एका बाईचं यायचं, डोळे दुसरीचे, आणि मध्येच आठवायचं की दूध तापवायचं राहिलंय. शेवटी कंटाळून सोडून दिलं.

सोडल्यावर ती आली.

मी विळीवर नारळ खवत होते. मान वर केली तर पडवीत खांबाला टेकून एक बाई झोपली होती. डोळ्यांना दिसली असं मी म्हणणार नाही. पडवी रिकामी आहे हे मला दिसत होतं. पण घरात कोणी निजलेलं असलं की न बघताही आपला हात हलका पडतो, भांडं आपण जपून ठेवतो, तसं झालं. मी परात हळूच बाजूला सरकवली.

निळी साडी नव्हती. वर खोचलेलं जुनं लुगडं होतं. टाचा भेगाळलेल्या, त्यात मीठ बसून पांढऱ्या झालेल्या. तोंड किंचित उघडं. यातलं काहीही मी ठरवलेलं नव्हतं.

मग ती रोज दुपारी असायची, आणि झोपलेलीच. मी तिला माझं सगळं सांगून बघितलं. ह्यांनी आज गोळी थुंकली, पाठीला जखम होईल की काय याची भीती वाटते, मोटर पाणी ओढत नाही. ती नुसती कूस बदलायची. मला राग यायला लागला. एका माणसाला उठवून-निजवून कंबर मोडली होती, त्यात ही दुसरी! एक दिवस मी चक्क मोठ्याने म्हणाले, “अगं, बोलायला म्हणून तुला आणलं. झोपतेस काय अशी?”

डोळे न उघडता ती म्हणाली, “लय दमायला झालंय. तुला न्हाय झालं?”

आवाज बाहेरून आला नाही. पण तो मी रचलेलाही नव्हता. ‘न्हाय’ म्हणणं मी डी.एड.ला गेले तेव्हाच सोडलं होतं. वर्गात कोणी तसं म्हटलं की “‘नाही’ म्हणावं” हे सांगण्यात माझी अख्खी नोकरी सरली. माझं माहेर पेणकडचं. तिथे मिठागरावर राबणाऱ्या बायका असंच बोलायच्या. माझी आई कामावरून आली की हातपायही न धुता भिंतीला टेकून झोपायची, आणि आम्ही भावंडं तेवढा वेळ कुजबुजत खेळायचो. पडवीतली बाई म्हणजे आई नव्हे. चेहरा तिचा नव्हता. पण माझ्या मनाने सामान तिथलं उचललं होतं. मी वरून निळी साडी पाठवत राहिले आणि आत कोणीतरी ती बाजूला ठेवून आपल्याला हवं ते बनवत होतं.

तोवर मला हे कोणी विचारलंच नव्हतं. सगळे ‘ते कसे आहेत’ विचारायचे.

मी चटई ओढली आणि आडवी झाले. आतून ‘चला, चला’ ऐकू आलं तेव्हा ऊन पार उतरलं होतं. ह्यांचं अंथरूण भिजलं होतं. ते संतापले होते, पण माझ्या तोंडाकडे बघून एकदम गप्प झाले. मी चादर बदलत असताना डाव्या हाताने माझ्या मनगटाला धरून राहिले.

भाचीला सांगितलं तर तीच घाबरली. “मावशी, डॉक्टरांना सांग हं.” ह्यांना तपासायला अलिबागला नेलं तेव्हा मी सांगितलं. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं.

“ती तुम्हाला काही करायला सांगते का? भीती वाटते तिची?”

“नाही. ती झोपते.”

ते हसले, मग हसू आवरून म्हणाले, “तुमच्या मदतीला घरात कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मग आधी ते बघा. हे वाढलं तर मात्र माझ्याकडे या.”

त्या रविवारी मुलाला मी ‘ठीक आहेत’ म्हटलं नाही. म्हटलं, “मी दमलेय रे. मला एकटीला आता झेपत नाही.” तो म्हणाला, “आई, आधी का नाही सांगितलंस?”

आता रेवदंड्याहून मदतीला एक बाई सकाळी येते. हात सराईत आहे तिचा. ह्यांना वळवता वळवता त्यांना मालिकेची गोष्ट सांगते. हेही ऐकतात. माझी कंबर अजून दुखते, आणि सकाळी उठताना दिवसाचा विचार करून आधीच दमायला होतं. ते काही गेलेलं नाही.

भाची परवा विचारत होती, “नाव काय ठेवलंस तिचं?”

“झोपलेल्या माणसाला हाक कशाला मारायची?” मी म्हटलं.

दुपारी मी पडवीत चटई टाकते. ती कधी असते, कधी नसते. असली तर मी पाय जरा आखडून घेते, नसली तर लांब करते, आणि झोपते.