शेवंतीअक्काची नदीची वाट

"मामा, आई गेली," सुभाष फोनवर म्हणाला आणि मी काही बोलायच्या आत त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "कुठल्या वाटेनं न्यायची?" माझी मावसबहीण शेवंतीअक्का जाऊन आता दीडेक महिना झाला. तिच्या मरणाच्या बातमीबरोबर असला प्रश्न यावा, याचा राग अजून उतरलेला नाही. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. नंदिगड्ड्याच्या पलीकडे, काळी नदीच्या काठावर, एवढंच पुरे. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे, ती सगळी माझीच माणसं आहेत.

अक्का भातशेती करायची, उन्हाळ्यात जंगल खात्याच्या रोपवाटिकेत कामाला जायची. पंचायतीत बायकांची राखीव जागा आली तेव्हा गावच्या पुरुषांनी तिला उभी केली, ही गरीब बाई सांगू तिथं सही करील म्हणून. ती अध्यक्ष झाली आणि पहिल्याच बैठकीत म्हणाली, "तुमी मला मत दिलंय. म्या तुमास्नी माझं तोंड दिलं न्हाई." जोयड्याच्या तालुका कचेरीत ती कन्नडमध्ये भांडायची, फार चिडली की मराठीवर यायची.

नदीकाठी रिसॉर्ट उभं राहिलं तेव्हा मात्र तिनं विरोध केला नव्हता. पैसा कुठल्या देशातून आला, मालक कोण, कुणालाच माहीत नव्हतं. "येऊ देत की पावनं, नदी काय आपल्या एकट्याची हाय?" असं ती म्हणायची. सुभाषची बायको कविता तिथं स्वयंपाकघरात लागली. एकदा पाय मुरगळलेली एक गोरी बाई अक्काच्या पडवीत येऊन बसली. अक्कानं तेल कोमट करून तिचा पाय चोळला, पेज पाजली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, तरी मी पोचलो तेव्हा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या. "काय सांगत होती गं?" मी विचारलं. "तिच्या आईचं असंल," अक्का म्हणाली.

मग कुंपण आलं. नदीवर जायच्या जुन्या वाटेवर फाटक बसलं. पलीकडे गुरांचं पाणी आणि गावची मसणवट. दुसरी वाट डोंगराला वळसा घालून, रानातून. अक्काची मुदत तेव्हा संपली होती, पण गाव तिच्याकडेच आलं. ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी तिच्या अंगणात बसून सगळ्यांनी ठरवलं, वाट मोकळी करा म्हणून एका तोंडानं सांगायचं. दुसऱ्या दिवशी सभेत रिसॉर्टचा मॅनेजर येऊन बसला होता. आणखी पोरांना कामं देतो, देवळापुढं मंडप घालतो, म्हणाला. "फाटक नको असंल त्यांनी हात वर करा," नव्या अध्यक्षांनी सांगितलं. अक्काचा हात वर गेला... आणि एकटाच राहिला. तिचा दीर छपराकडे बघत होता. सुभाष अंगठ्यानं जमीन उकरत होता. अक्कानं हात लगेच खाली घेतला नाही. एकेकाकडे बघत राहिली. मी रामनगरला राहतो, माझं मत तिथलं, म्हणून मी नुसता मागं उभा होतो.

घरी येताना मी म्हणालो, "काहीतरी लबाडी केली असणार." "न्हाई रे बाळू," ती म्हणाली, "लबाडी असती तर भांडले असते. समद्यांनी आपल्या मनानं हात खाली ठेवला. आता कुनाशी भांडू?"

पुढं रिसॉर्ट विकलं गेलं. नव्या कंपनीनं बाहेरून माणसं आणली आणि गावच्यांना काढून टाकलं, कवितालासुद्धा. मग हीच मंडळी पुन्हा अक्काच्या दारात. मला वाटलं, आता हाकलून देईल. पण ती दुखरे गुडघे घेऊन बसमध्ये चढली, साहेबाला भेटायला जोयड्याला गेली. बरोबर येतो म्हणालेल्यांपैकी एकही स्टॉपवर आला नाही. मी चिडलो तर म्हणाली, "पोटावर पाय आलाय त्यांच्या. माझा राग माझ्यापाशी ऱ्हाऊंदे." त्यानंतर तापानं तिनं अंथरूण धरलं, ती उठलीच नाही.

"नदीच्याच वाटेनं न्या," मी सुभाषला सांगितलं. तिरडी फाटकाशी अडली. राखणदार झारखंडचा, पन्नाशीचा माणूस. त्यानं मॅनेजरला फोन लावला, मॅनेजरनं बेंगळुरूला, तिथून आणखी कुठं तरी... परवानगी कुठल्या देशात अडकली होती कुणास ठाऊक. खांद्यावर अक्का, आणि सगळे गप्प. मी ओरडलो, तर तिचा दीरच म्हणाला, "गप ऱ्हा बाळू, फोन येऊंदे." शेवटी राखणदारानंच फोन खिशात टाकला आणि कुलूप काढलं. "मिट्टी को नहीं रोकते," एवढंच म्हणाला आणि टोपी काढून बाजूला उभा राहिला.

बाराव्याच्या पंगतीत दीर म्हणाला, "वहिनीसारखी बाई पुन्ना हुनार न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या. मी ताटावरून उठलो.

परवा रामनगरच्या बस स्टँडवर तो राखणदार दिसला. फाटक उघडलं म्हणून त्याला काढलं होतं, गावी निघाला होता. तिथंच माझं शिलाईचं दुकान आहे. मी त्याला आत बसवलं, चहा मागवला. "वो माताजी कौन थीं?" त्यानं विचारलं. "गावची अध्यक्ष होती," मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तो फिर आपके सिवा कोई बोला क्यों नहीं? मैं तो राह देख रहा था, गाँव का कोई एक आदमी बोल दे..."

बेळगावची बस लागली. त्यानं पिशवी उचलली, हात जोडले आणि तो गर्दीतून वर चढला.